दांड्यावरचा टिळा

मित्रांनो, मी एक जुना जॅक आहे. दिसतो बाटलीसारखा. पोटात तेल असते. हँडल मारले की माझा दांडा वर सरकतो आणि अख्खी गाडी उचलली जाते.

मरोळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. अण्णांनी मला कोरा करकरीत घरी आणले. ते माझ्यावर गाडी उचलत, लगेच तिच्याखाली लोखंडी घोडी, म्हणजे न खचणारा टेकू, लावत आणि भार तिच्यावर सोडत. मगच खाली शिरत. "हा उचलतो, धरते ती घोडी," असे ते मुलाला, सुशांतला, सांगत. मला ते अपमानाचे वाटे.

अण्णा गेले. घोडी माळ्यावर गेली, मी डिकीत. दर दसऱ्याला मात्र मला बाहेर काढून हळदकुंकू लावत, झेंडू वाहत. पोटातले तेल कुणी पाहिले नाही. आतले रबरी सील चिरत चालले होते. ते फक्त मला ठाऊक होते.

गेल्या दसऱ्याला गाडी धुताना इंजिनाखालचे कव्हर लोंबताना दिसले. गॅरेज बंद. सुशांतने सोसायटीच्या आवारातच गाडीचे तोंड माझ्यावर उचलले. त्याची बायको शर्मिष्ठा पूजेचे ताट घेऊन खाली आली.

"अरे, घोडी कुठाय?"

"माळ्यावर. दोन स्क्रू तर आहेत यार. तू पूजा उरक ना."

"बरं, मेकॅनिकसाहेब!" हसत तिने माझ्या चकचकीत दांड्यावर कुंकवाचा टिळा लावला.

सुशांत पाठीवर झोपून छातीपर्यंत आत सरकला. आणि माझे तेल झिरपू लागले.

मी केसभर खाली आलो. मग आणखी थोडा. माझ्यावर इंजिनाचे ओझे होते आणि त्याखाली त्याची छाती. तो शीळ घालत होता. ओरडायला मला तोंड नव्हते.

शर्मिष्ठा फूल ठेवायला वाकली आणि थबकली. टिळा अर्धाच उरला होता.

"सुशांत, बाहेर ये."

"अगं, एकच राहिलाय."

"टिळा आत चाललाय! आधी बाहेर ये रे!"

तिच्या आवाजानेच तो घसटत मागे सरला. डोके बंपरबाहेर आले आणि माझे सील फुटले. गाडी धाडकन बसली. स्क्रूतच अडकून उभ्या राहिलेल्या स्क्रू ड्रायव्हरची मूठ चिरडली गेली.

मग सुशांत उठला आणि माळ्यावरची घोडी काढायला गेला.

माझे सील आता नवे आहे. तरी सुशांत सपाट जागा बघतो, हँडब्रेक ओढतो, मागच्या चाकांना दगड लावतो, घोडीवर भार सोडून गाडी हलवून पाहतो. आता मला अपमान वाटत नाही. सुटल्यासारखे वाटते.

मित्रांनो, मला फूल वाहिले नाही तरी चालेल, तेल तेवढे बघा. आणि घोडीवाचून माझ्या भरवशावर कुणाला खाली शिरू देऊ नका. मी खचू लागलो तर मला सांगता येत नाही, आणि टिळा काही रोज लागत नाही.