बर्फ म्हणजे पाणी नव्हे

माझ्या सासऱ्यांनी माझ्या हातचं पाणी न पिण्याची शपथ माझ्याच लग्नात घेतली, आणि तीही बर्फावरून. वैजापूरला ऐन मे महिन्यातलं लग्न. माझ्या वडिलांनी औरंगाबादहून बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आणवली होती. वऱ्हाड उशिरा आलं, त्यात नवरदेवाच्या मित्रांनी वेशीवर नाचून घेतलं, आणि व्याह्यांच्या हाती लिंबाचं सरबत पडेपर्यंत लादीचं पाणी होऊन ते मांडवाखालच्या मातीत जिरलं होतं. तात्यासाहेबांनी एक घोट घेतला, पेला उपडा केला आणि भर मांडवात म्हणाले, "व्याह्याला कोमट पाजतेत! ह्या घरच्या पोरीच्या हातचं पाणी मी जल्मात पिणार नाय." उशीर यांच्याच लोकांनी केला आणि शिक्षा मला. माझ्या केसांतल्या अक्षतासुद्धा अजून पडल्या नव्हत्या.

सगळे म्हणाले, रागात बोलले, चार दिवसांनी विसरतील. पण तात्यासाहेब गावचे पंच. दिलेला शब्द पाळणारा माणूस म्हणून लासूरच्या आसपासच्या गावांत त्यांचं नाव. ज्यांचे निकाल त्यांनी उलटे दिले ते लोक म्हणायचे, शब्दाचा कीस पाडणारा माणूस. मी या दुसऱ्या लोकांतली.

गंमत अशी, की जेवण माझ्या हातचं चालायचं. शब्द पाण्याचा होता, भाकरीचा नव्हता. मग आमटीचं काय, चहाचं काय? त्यावर त्यांनी निकाल दिलेला होता: "उकळलं की त्ये पाणी राहत नाय." मी एकदा म्हटलं, मग पाणी उकळून गार करून देते. तर माझ्याकडं न बघता म्हणाले, "गार झालं की परत पाणी झालं." जोवर सासूबाई होत्या तोवर हे चाललं. दिवाळीला दोन दिवस गावी जायचं, पाण्याचा तांब्या त्यांनी द्यायचा, मी दात खाऊन भाकरी थापायच्या. सासूबाई गेल्या आणि पुढच्याच उन्हाळ्यात तात्यासाहेबांच्या डोळ्याचं ऑपरेशन औरंगाबाद शहरात निघालं. आमच्या सिडकोतल्या घरी त्यांची खाट पडली.

डोळ्यावर पट्टी. डॉक्टरांनी सांगितलं, खाली वाकायचं नाही, उन्हात जायचं नाही. माठ स्वयंपाकघरात खाली तिवईवर, म्हणजे स्वतः घेऊन प्यायची सोय संपली. माझा नवरा बद्रीनाथ पहाटे वाळूजच्या बसला जायच्या आधी तांब्या भरून खाटेशी ठेवायचा. बापासाठी मुलाच्या हातचं पाणी. पण आमच्याकडचं ऊन काय सांगावं! दुपार व्हायच्या आत तांब्यातलं अर्धं पाणी संपायचं आणि उरलेलं हात धुवायला घ्यावं इतकं तापायचं. मग तात्यासाहेब उशीवरून मान वर करून खणखणीत आवाज द्यायचे, "वच्छलाबाईऽ, घोटभर पाणी मिळंल का?"

वच्छलाबाई आमच्या शेजारीण. मी तिथंच, दोन हातांवर भाजी निवडत बसलेली, आणि ती बाई पदर सावरत, पेला घेऊन, अख्ख्या गल्लीसमोरून यायची. येताना दोन दारांशी थांबायची. "सून घरात असून म्हाताऱ्याला पाणी मागावं लागतंय बाई." नळाला पाणी एक दिवसाआड यायचं आणि मी पिंपं भरताना बायका बाजूला सरकायच्या, जणू मी कुणाला तहानेनं मारायला बसले होते. मला तात्यासाहेबांची माया नको होती. मला एकच गोष्ट हवी होती. त्यांनी माझ्या हातचं पाणी प्यावं, आणि गल्लीनं ते बघावं.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडं फ्रीज नवा होता आणि मला बर्फाचं वेड लागलं होतं. साधा बर्फ नाही, चवीचा. औरंगपुऱ्याच्या मंडईतून पुदिना, लिंबं, मोसंब्या आणायच्या. लिंबाची साल किसायची ती पिवळी तेवढीच, खालचं पांढरं आलं की कडू. पुदिन्याचं पान ट्रेच्या खणात तळाशी ठेवून वर अर्धंच पाणी घालायचं, ते धरलं की उरलेलं घालायचं, नाहीतर पान तरंगून वर येतं आणि काळं पडतं. पहिल्यांदा मोसंबीचा रस तसाच गोठवला तर सकाळी कडूजहर झाला. तेव्हापासून मोसंबीच्या पातळ फोडी आणि गवती चहाचं उकळून गाळलेलं पाणी. असे खडे पेल्यात टाकले की साध्या पाण्याचं सरबत व्हायचं.

एका दुपारी मी ट्रे पिळला आणि खडे कडाकडा सुटले.

"काय फुटलं?" तात्यासाहेबांनी पंख्याला विचारलं. माझ्याशी ते थेट बोलत नसत. पंख्याशी बोलत.

"बर्फ," मी म्हणाले. "लिंबाचा, पुदिना घालून."

तांब्या रिकामा होता, आणि वच्छलाबाई त्या दिवशी छावणीत लेकीकडं गेली होती.

"बर्फ म्हंजे पाणीच की," ते पंख्याला म्हणाले.

"उकळलं की पाणी राहत नाय असं तुम्हीच म्हणला होता. मग गोठल्यावर कसं राहील?"

त्यांचा उघडा डोळा पंख्यावरून खाली आला. तीस वर्षं पंचाईत केलेला माणूस, समोरच्याचा मुद्दा बिनतोड आहे हे त्यांना कळलं आणि ते आवडलं नाही. जीभ दोनदा ओठांवरून फिरली. मग त्यांनी निकाल दिला, "जे दातानं फोडावं लागतं, त्याला पाणी म्हणता येत नाय."

मी वाटी हातात दिली नाही. स्टुलावर ठेवली आणि आत गेले. आतून कडकड ऐकू येत होतं. बाहेर आले तेव्हा वाटीत पुदिन्याचे देठसुद्धा नव्हते.

त्या दिवसापासून आमचं भांडण बर्फावरून सुरू झालं. "पुदिना लई झाला, गुरांचा चारा हाय का?" "आज मीठ इसरली ती बाई." "मोसंबीची बी ऱ्हायली, दात पडायचा माझा." कौतुकाचा एक शब्द नाही. मीही काही कमी नव्हते. मीठ कमी म्हणाले की दुसऱ्या दिवशी खारट करायचे, आणि ते तसेच, डोळ्यात पाणी आणून, शेवटचा खडा चघळायचे, पण हरायचे नाहीत. माझा राग होता तिथंच होता. तरी वाटी रिकामी दिसली की बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय म्हणून आणखी राग यायचा. वच्छलाबाईला हाका बंद झाल्या. तिला चुकल्यासारखं व्हायला लागलं असावं, कारण ती आता न बोलावताच दारातून डोकावून जायची.

मग चतुराबाई आल्या. माझ्या थोरल्या नणंद, दिल्या घरी लासूर स्टेशनला. नवऱ्याचं मोंढ्यात धान्याचं दुकान, अंगावर सोनं आणि जिभेवर काटे. बापाला बघायला आल्या आणि दारातच म्हणाल्या, "तात्या, लई वाळलात. खायला घालतेत का नाय?"

"खायचं सोड," तात्यासाहेब म्हणाले. "ह्ये चोखून बघ. असं तुझ्या मोंढ्यात नाय मिळायचं." आणि त्यांनी स्टुलावरची वाटी लेकीच्या पुढं सरकवली. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून माझ्या हातच्या कशाचं तरी चांगलं ऐकलं, तेही दुसरीला सांगताना. मी पुढं ऐकायला तशीच उभी राहिले.

त्या आठवड्यात मंडईत पुदिना पिवळा पडलेला होता. म्हणून मी त्या दिवशीच्या खड्यांत दारातल्या कुंडीतली तुळस घातली होती. कोवळी, बारीक पानं, खणाखणाला एक, वर लिंबू. वास तर असा सुरेख आला होता!

चतुराबाईंनी खडा घेतला नाही. तात्यासाहेबांनी घेतला. चघळला, विरघळू दिला, आणि जिभेवरचं पान बोटानं काढून तळहातावर धरलं. एका डोळ्याला नीट दिसेना म्हणून हात जवळ नेला. चतुराबाईंना लांबूनही दिसलं.

"तुळशीपत्र!" त्या किंचाळल्या. "अगं बया, जित्या माणसाच्या तोंडात पाणी आन् तुळशीपत्र? मरायला टेकलाय का माझा बाप? मढ्याला घालतेत त्ये घातलंस तू त्याच्या तोंडात!"

खरं सांगते, माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. चहात रोज घालतो ती तुळस, एवढंच माझ्या डोक्यात. मी तसं म्हणालेही. "चहातली येगळी!" चतुराबाई ओरडल्या. "तोंडात पाण्यासंगं तुळस कवा देतेत, त्ये तुझ्या आईनं शिकवलं नाय व्हय?" तोवर वच्छलाबाई दारात, तिच्या मागं आणखी दोघी. आईचं नाव निघाल्यावर माझ्या डोक्यात तिडीक गेली.

तात्यासाहेब पान बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "पाणी नव्हं चतुरे. बर्फ हाय त्यो."

हे वाक्य मला नीट ऐकू आलं होतं. पण राग आला की मला फक्त माझंच ऐकू येतं. मी चतुराबाईंना सोडलं आणि म्हाताऱ्यावरच घसरले.

"पाणीच हाय! उकळलेलं गार झालं की परत पाणी होतं, तुमचाच निकाल ना, मामंजी? मग तोंडात विरघळलेला बर्फ काय तेल होतो? एवढे दिवस तुम्ही पाणीच पिताय. माझ्या हातचं पिताय. रोज पिताय. वच्छलाबाई, तुम्हीपण ऐका!"

वच्छलाबाईनं ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. जी गोष्ट गल्लीनं बघावी असं मला वाटत होतं, ती मी गल्लीला ओरडून सांगितली होती. तात्यासाहेबांनी तळहातावरचं पान वाटीत ठेवलं, वाटी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "चतुरे, पिशवी भर."

मी खोटं काय बोलले? आजही कुणी सांगावं. पण संध्याकाळपर्यंत त्यांनी काही म्हणजे काही घेतलं नाही. चतुराबाईंच्या हातचंसुद्धा नाही. आता त्यांना कुणाच्याच हातचं नको होतं. बाहेर भिंती तापलेल्या, पंखा नुसती धग फिरवत होता, आणि म्हातारा पट्टी बांधलेल्या डोळ्यानं, कोरड्या तोंडानं सरळ बसून होता. मला त्यांचा गळा धरावासा वाटत होता, आणि तोच गळा कोरडा पडलाय हे डोळ्यांदेखत बघवत नव्हतं.

ऊन उतरल्यावर रिक्षा आली. बद्रीनाथ कामावरून येऊन बापाला विनवून थकला. "तिथं डोळ्याची काळजी कोण घेईल तात्या?" तर म्हणाले, "डोळा माझा हाय." गल्ली ओट्यांवर येऊन बसली होती. पायऱ्यांशी आल्यावर तात्यासाहेब थांबले. काळा चष्मा लावलेला, काठी टेकलेली.

"त्या बाईला सांग," ते मोठ्यानं बोलले, कुणाला ते कळलं नाही. "पाणी आण म्हणावं."

ओट्यावरच्या बायका उभ्या राहिल्या. चतुराबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मी माठातून तांब्या भरला. घाईघाईत अर्धं पाणी ओट्यावरच सांडलं. लिंबू नाही, पुदिना नाही, नुसतं पाणी. तांब्या त्यांच्या हातात दिला. बोटांना बोटं लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

त्यांनी तांब्या वर धरला, तोंड भरून घेतलं, खळखळून घुसळलं आणि पायऱ्यांशेजारच्या पपईच्या बुंध्यात थुंकले.

"पिणार नाय म्हणलो व्हतो," गल्लीकडं तोंड करून ते म्हणाले. "चूळ भरणार नाय असं म्हणलो नव्हतो. ह्या घरचं काय काय तोंडात गेलं आसंल, त्ये धुऊन टाकतो."

चतुराबाई हसल्या. वच्छलाबाईनं पदर तोंडाला लावला. माझ्या कानशिलांत आग पेटली. तांब्या ओढून घेऊन त्यांच्या डोक्यात घालावा असं वाटलं, आणि मी सांगते, घातलाही असता. म्हाताऱ्यानं दुसरी चूळ भरली, तीही थुंकली. मग तिसरी भरली. मी तांब्या घ्यायला हात पुढं करून अगदी समोर उभी होते, दुसरं कुणीच इतक्या जवळ नव्हतं. त्यांच्या गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. एकदा, आणि परत एकदा. मग ते वाकले आणि पपईकडं नुसतंच थू केलं. कोरडं.

त्यांचा उघडा डोळा चष्म्याच्या कडेनं माझ्याकडं बघत होता. मी काय करणार याची वाट बघत होता.

माझ्या तोंडाशी आलं होतं. गल्ली समोर होती, नणंद समोर होती, एक वाक्य पुरलं असतं. मी रिकामा तांब्या घेतला आणि मागं झाले. बद्रीनाथनं त्यांना हाताला धरून रिक्षात बसवलं. चतुराबाई पिशव्या घेऊन शेजारी बसल्या.

रिक्षा वळल्यावर वच्छलाबाई लगबगीनं आली. "तिसऱ्या वेळी प्याले का गं? मला तसं वाटलं."

"नाय," मी म्हणाले. "नुसती चूळ भरली."