निळ्या कागदावरच्या सावल्या

मित्रांनो, माझ्याजवळ यायचे असेल तर आधी श्वास रोखून धरा. माझ्या पोटात जे आहे ते साध्या फुंकरीनेही उडते. तिळाहून बारीक स्क्रू, नखावर मावतील अशी चक्रे, केसासारख्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा. मी एका घड्याळजींच्या टेबलावरचा जुना लाकडी ट्रे आहे. मला ओळीने खण आहेत, खणांवर सरकते काचेचे झाकण आहे आणि प्रत्येक खणाच्या तळाशी निळा कागद आहे. तो कागद नसता तर मी केव्हाच सरपणात गेलो असतो.

एका मोडक्या कपाटाच्या फळीतून माझा जन्म झाला. घड्याळजी तेव्हा तरणेबांड होते, नुकतेच घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटले होते. रोज सुताराच्या डोक्यावर येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "खण अजून थोडे लहान करा."

शेवटी सुतार वैतागला. "यात ठेवणार तरी काय? मुंग्यांचा संसार?"

"त्याहून लहान," घड्याळजी म्हणाले.

सुतार हसला, पण त्या दिवसापासून त्याने रंधा जपून चालवला. म्हणून आजही माझ्या अंगाला कुठे कुसळ सापडायचे नाही.

निळा कागद लावला तो मालकीणबाईंनी, म्हणजे घड्याळजींच्या बायकोने. पांढऱ्यावर पोलाद हरवते, निळ्यावर चमकते, हे त्यांनीच शोधून काढले. खळ शिजवली, बोटाने चोपडली आणि एकेका खणात कागद बसवला. शेवटच्या खणापाशी कागद संपला, तेव्हा दोन तुकडे जोडून ठिगळ दिले. मग नवऱ्याला म्हणाल्या, "दिवसभर आता याच्याकडेच बघत बसाल. सवत परवडली, ती निदान भांडते तरी."

घड्याळजींची कामाची एक रीत होती. एका घड्याळाला माझी एक ओळ. घड्याळ उघडले की जो भाग आधी निघेल तो डावीकडच्या पहिल्या खणात, नंतरचा त्याच्या शेजारी, असे करत उजवीकडे जायचे. काटे, तबकडी, मग एकेक चक्र, अगदी शेवटी कमान. ज्याचा स्क्रू त्याच्याच उशाशी. जोडताना उलटे, उजवीकडून डावीकडे. हात चालू असला की ओठही चालायचे:

आधी गेला, तो शेवटी येईल,
शेवटी गेला, तो दार उघडील.

हे त्यांनी स्वतःच रचलेले गाणे. चाल अशी संथ की ऐकता ऐकता गिऱ्हाईक पेंगायला लागायचे. एकदा तसाच एक पेंगलेला गृहस्थ दचकून जागा झाला आणि माझ्यावर जोरात शिंकला. मग घड्याळजी, मालकीणबाई, तो गृहस्थ आणि शेजारचा न्हावी असे सगळे जमिनीवर रांगत होते. तेव्हापासून दुकानात पाटी लागली: शिंक आली तर बाहेर जा.

माझे ते सुखाचे दिवस होते, मित्रांनो. दुसऱ्या पेठेतले घड्याळजी मला बघायला यायचे. "ट्रे असावा तर असा," म्हणायचे. मी लाकडाचा, मला फुगायला पावसाळा लागतो. पण तेव्हा बारमाही फुगून असायचो.

मग घड्याळजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला.

हे आधी मलाच कळले. ज्या खणात भाग ठेवायचा त्याच्या शेजारच्या खणाच्या कडेवर चिमटा टेकू लागला. घड्याळ उघडताना अडत नव्हते; उघडायला हाताची सवय पुरते. जोडायला डोळा लागतो. घड्याळजी एक घड्याळ उघडायचे, भाग रांगेने मांडायचे, आणि जोडायची वेळ आली की झाकण सरकवून मला खिडकीपाशी ठेवून द्यायचे. मग दुसरे घड्याळ. एक ओळ भरली, दुसरी भरली, सगळ्या ओळी भरल्या. गाणे थांबले. मी खिडकीत पडून राहिलो. काचेतून ऊन यायचे, खणाखणात बसायचे आणि संध्याकाळी उठून जायचे. हिवाळा असाच गेला, मग उन्हाळाही आला.

घड्याळजींनी हे कोणाला सांगितले नाही. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "या की पुढच्या आठवड्यात."

सगळ्यांत जास्त खेपा घातल्या त्या नर्सबाईंनी. त्या कामावरून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचे घड्याळ छातीवर पिनेने लावायचे, उलटे टांगलेले, म्हणजे मान खाली घातली की वेळ सरळ दिसते. दुकानात यायच्या त्या नेहमी यजमानांचा हात धरून. यजमानांची नजर पार गेलेली होती. त्यांना स्टुलावर बसवायच्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या.

"पुढचा आठवडा, पुढचा आठवडा. घड्याळजी, तुमचा आठवडा आहे तरी किती दिवसांचा?"

"नाजूक काम आहे, बाई."

"माझे गुडघे त्याहून नाजूक झालेत. आणि यांना ओढत आणायचं म्हणजे दोन माणसांचं चालणं मी एकटी चालते."

यजमान स्टुलावरून हसत म्हणाले, "तिला बोलू द्या हो. ही बाजारात गेली की ते घड्याळ माझ्या हातात देऊन जायची. टिकटिक चालू आहे, म्हणजे ही चालते आहे, एवढं मला पुरायचं. आता हात रिकामा राहिला. एकट्याला घर खायला उठतं. म्हणून शेपटासारखा हिच्या मागे हिंडतो."

घड्याळजींनी मान खाली घातली. नर्सबाईंचे घड्याळ माझ्या मधल्या ओळीत होते, सुटे सुटे. मला सगळे ठाऊक होते, पण लाकडाला तोंड कुठले?

त्याच सुमारास घरात सून आली. शिंप्याची लेक, हाताला चलाख, बोलायला गोड. तिने पाहिले की सासरे चहाचा कप टेबलावर ठेवताना आधी दुसऱ्या हाताने टेबल चाचपतात. आठवडाभर बघितले आणि सरळ म्हणाली, "मामंजी, माझ्या बाबांना सुईत दोरा ओवता येईना झाला, तेव्हा त्यांनीही आमच्यापासून असंच लपवलं होतं. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं."

घड्याळजी बरेच 'नाही नाही' म्हणाले, आणि गेले.

शस्त्रक्रियेसाठी ते दवाखान्यात असताना सुनेच्या मनात आले, की मामंजी घरी येतील तेव्हा त्यांचे टेबल लख्ख असावे. संध्याकाळी दिवा लावून तिने माझे झाकण सरकवले. तिच्या माहेरी बटणांचा डबा होता. त्यात सारख्याशी सारखे असे: शर्टाची बटणे शर्टाच्या खणात, कोटाची कोटाच्या. लहानपणापासून ती तसेच आवरत आली होती. माझे खण बघून तिला वाटले, किती हा पसारा. आणि तिने पदर खोचला. सगळे स्क्रू एका खणात. चक्रे दुसऱ्यात. काटे तिसऱ्यात, कमानी चौथ्यात. एकही भाग न सांडता, श्वास रोखून, अगदी मायेने.

मित्रांनो, तिचे हात इतके हलके होते आणि माझा जीव असा तुटत होता. मोडणारा माणूस दांडगा असला तर रागावता तरी येते.

घड्याळजी घरी आले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यापुढे धुके. सून त्यांना हाताला धरून टेबलापाशी घेऊन आली. "बघा मामंजी, म्हणजे हात लावून बघा."

त्यांनी बोटे माझ्यात घातली. स्क्रूंच्या ढिगावर ती थबकली. मग चक्रांच्या ढिगावर.

"हे कोणी केलं?"

"मी. सगळं विस्कटलेलं होतं, म्हटलं तुम्ही यायच्या आत..."

"विस्कटलेलं नव्हतं, सूनबाई. रांग होती ती. कुणाचं चक्र कुणाचं, हे ती रांगच सांगत होती."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. घड्याळजींनी आवाज चढवला नाही. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "चुकलं माझंच. वेळेवर बोललो असतो तर हे झालं नसतं. आता पट्टी सुटली तरी दुकान उघडायचं नाही. लोकांना काय सांगू? तुमच्या घड्याळांची खिचडी झाली म्हणून? डबीत ओतून ठेव सगळं, आणि ट्रे धुऊन टाक. लागलं कुणाला तर ठेवतील त्यात काहीबाही."

मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "तिला दोन शब्द बोला हवं तर, पण असं मनात कढत बसू नका."

"बोलून चक्र जागेवर जातं का?"

दुसऱ्याच दिवशी सकाळी नर्सबाई आल्या, यजमानांसह. सुनेने खाली बघत सगळे सांगितले. नर्सबाईंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "डोळा आधी बरा होऊ दे त्यांचा. पट्टी सुटली की मी येईन. जमलं तर जमलं, नाहीतर आहे तसं रुमालात बांधून द्या. चालत नसलं तरी माझंच आहे ते." आणि यजमानांचा हात धरून पायऱ्या उतरल्या. एक पायरी त्या, मग थांबून एक पायरी ते.

त्या गेल्यावर सुनेने मला उचलले. सगळे भाग एका डबीत काढले, ओले फडके घेतले आणि उजेडासाठी मला खिडकीशी धरले. कडेच्या ठिगळाच्या खणात फडक्याचा एक हात फिरलासुद्धा. मी मनात म्हटले, झाले, संपली आपली चाकरी.

पण तिचा हात थांबला.

सकाळचे ऊन माझ्यात तिरपे आले होते. त्या संध्याकाळी दिव्याच्या पिवळ्या उजेडात जे दिसले नव्हते, ते आता दिसत होते. उन्हाने निळा कागद फिका करून टाकला होता. फक्त जिथे जिथे काही ठेवलेले होते, तिथे खालचा निळा रंग जसाच्या तसा राहिला होता. इथे एक गोल. तिथे त्याहून लहान गोल, कडेला इवले इवले दाते. इथे काट्याची रेघ. उशाशी स्क्रूचा ठिपका. इतके महिने मी खिडकीत फुकट तापलो, असे मला वाटत होते. ते ऊन माझ्या तळाशी एकेकाची जागा लिहून ठेवत होते, आणि मला पत्ता नव्हता.

"मामंजी," सून फडके टाकून धावली. "जुन्या कोटाचा खिसा उसवला की खालचं कापड नव्यासारखं निघतं. आमचे बाबा म्हणायचे, खिसा गेला तरी खिशाची सावली जात नाही. तुमच्या ट्रेमध्ये सावल्या आहेत."

"कसल्या सावल्या?"

"सगळ्यांच्या. चक्रांच्या, काट्यांच्या. जिथल्या तिथे."

घड्याळजी खुर्चीतून उठले. "मधल्या ओळीत डावीकडे काय दिसतं?"

"तीन रेघा. एक लांब, एक आखूड, एक केसासारखी बारीक पण सगळ्यांत लांब."

"नर्सबाईंचे काटे," ते म्हणाले. "नाडी मोजायला लागतो ना, म्हणून सेकंदाचा काटा लांब आहे त्यांचा. पुढे सांग."

मग त्या दोघांचे काम सुरू झाले. सून चिमट्याने एकेक चक्र उचलायची आणि सावलीवर धरून बघायची. मोठे झाले तर बाजूला, लहान पडले तर बाजूला, चपखल बसले तर तिथेच. घड्याळजी शेजारी बसून सांगायचे, इथे काय असायला हवे, त्याला किती स्क्रू. पट्टी सुटेपर्यंत रोज हेच चालले. हात रमले की सून गुणगुणायची:

सुई म्हणे दोऱ्याला, माझ्या मागं मागं ये,
जिथं उसवलं तिथं दोन टाके घालून घे.

मालकीणबाई म्हणायच्या, "आधी एक गात होते, आता दोन गातात. घर आहे का भजनी मंडळ?" पण चहा टेबलापासून लांब, स्टुलावर आणून ठेवायच्या.

ठिगळाच्या खणातली सावली मात्र ओल्या फडक्याने रंग पसरून पुसली गेली होती. सून तिथे अडली, रडवेली झाली. घड्याळजी म्हणाले, "घाबरू नको. सगळे आपापल्या घरी गेले की जो उरेल, तो तिथला." आणि तसेच झाले.

पट्टी सुटली. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावले आणि पहिल्यांदा माझ्यात डोकावले. बराच वेळ ते सावल्याच बघत होते. मग उजवीकडून सुरुवात केली. ओठ हलू लागले: शेवटी गेला, तो दार उघडील. अधूनमधून डोळा थकायचा, तेव्हा चिमटा सून आपल्या हाती घ्यायची. शेवटचा काटा बसला, चावी फिरली, आणि दोघांनी घड्याळ आळीपाळीने कानाला लावले. मालकीणबाईंनी ते सुनेच्या हातून घेतले, स्वतःच्या कानाला लावले आणि म्हणाल्या, "चालतंय की."

नर्सबाई ठरल्याप्रमाणे आल्या, रुमाल घेऊनच. रुमाल लागला तो डोळे पुसायला.

त्यानंतर काही दिवसांनी त्या पुन्हा दुकानाच्या पायऱ्या चढून आल्या. हातात भाजीची पिशवी. एकट्याच. ज्या स्टुलावर नेहमी यजमान बसायचे त्यावर आज त्याच टेकल्या, पाय लांब केले आणि म्हणाल्या, "काही काम नाही हो. सहज आले. घड्याळ घरी यांच्या हातात आहे. घाई नाही आज मला."

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो आहे. मालकीणबाईंनी नवा निळा कागद आणला होता, पण घड्याळजींनी तो लावू दिला नाही. तो सुनेच्या नव्या ट्रेला लावला. ती आता त्यांच्या शेजारी बसून घड्याळे उघडते, आणि जोडतेही. तिच्या ट्रेच्या एका खणात मात्र बटणे आहेत. तिथे कोणी हात लावायचा नाही, असा तिचा हुकूम आहे.

तुमच्या घरातही एखादे जुने टेबल, जुनी पेटी, एखादे जुने माणूस असेल. त्यांचा पसारा तुम्हाला खटकेल, आवरावासा वाटेल. जरूर आवरा, धुळीत पडून राहणे कोणालाच आवडत नाही. पण हात घालण्याआधी शेजारी बसून एकदा विचारा, की हे इथे का ठेवले आहे. माणूस असेल तर तो सांगेल. माझ्यासारखा मुका असेल, तर त्याला उजेडात धरून नीट बघा.

सांगायचे ते सांगून झाले. झाकण सरकवले आहे. आता श्वास सोडलात तरी चालेल.