पपांचा कीबोर्ड

नॅन्सी श्रीरामपूरजवळच्या बेलापुरात माहेरच्या घराची पायरी चढत होती, तेवढ्यात मारिया दारात येऊन उभी राहिली.

"तुमी उगंच आलात, ताई," ती म्हणाली.

मारिया म्हणजे नॅन्सीच्या भावाची, बेंजामिनची बायको. तिच्या हाताला कणीक लागलेली होती. तिनं ना पाणी विचारलं, ना बॅग हातात घेतली.

"बेंजामिननं बोलावलं म्हणून आले."

"त्यांना काय हुतंय बोलवायला! ते सकाळी शाळंत जात्यात, सांजच्याला येत्यात. दिवसभर घरात मी असते." मारियानं आत बघितलं आणि आवाज खाली आणला. "लई वर्सांनी या घरात शांतता हाय. ती तुमी मोडायला आलात."

नॅन्सी तिच्या बाजूनं आत गेली. मारिया म्हणत होती ते खोटं नव्हतं.

योहान अमोलिक, नॅन्सीचे वडील, घशाच्या कॅन्सरमधून वाचले होते. पण डॉक्टरांना स्वरयंत्र काढावं लागलं. आता ते गळ्याला पडलेल्या भोकातून श्वास घेत, त्यावर पांढरं फडकं बांधत आणि काही हवं असलं की स्टीलचा पेला खाटेच्या दांडीवर आपटत. लिहून दाखवावं तर हात कापायचे, कागदावर नुसत्या रेघोट्या उठायच्या. मोबाईलवर एक अक्षर दाबायला जावं तर चार उमटायची. घशाला लावून बोलायचं यंत्र बेंजामिननं आणून दिलं होतं, ते त्यांनी भिंतीवर फेकून मारलं.

मग एक दिवस त्यांनी खुणा करून माळ्यावरचा जुना कीबोर्ड काढायला लावला. ते साखर कारखान्याच्या संगणक विभागात होते तेव्हाचा. एका मोठ्या संगणकाला जोडलेल्या टर्मिनलवर, पडदा आणि कीबोर्ड एवढ्याच यंत्रावर, त्यांची सगळी नोकरी गेली होती. ते टर्मिनल भंगारात निघालं तेव्हा कीबोर्ड तेवढा त्यांनी घरी आणला. पाट्यासारखा जड, आणि बटणं अशी घट्ट की जोर लावल्याशिवाय दबायची नाहीत. कापणारा हात त्यावर टेकवता यायचा आणि चुकून काही दबायचं नाही. न जोडलेला तो कीबोर्ड टेबलावर ठेवून पपा तासन्‌तास बडवत बसत.

बेंजामिननं त्याचा फोटो नॅन्सीला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'हा चालू होईल का?' कित्येक वर्षांत भावाचा आलेला तो पहिला मेसेज.

नॅन्सी भोसरीच्या एका कंपनीत सर्किट तपासण्याचं काम करते. हे जमण्यासारखं आहे हे तिला फोटो बघताच कळलं होतं. कीबोर्डच्या गोल पिनेत आणि लॅपटॉपच्या यूएसबीत एक छोटं कन्व्हर्टर बसवायचं, आणि कुठलं बटण दाबल्यावर काय उमटावं ते त्यात भरायचं. पण ती आली त्याचं कारण ते नव्हतं.

तिनं सम्राटशी लग्न केलं तेव्हा पपांनी तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं फर्मावलं होतं. सम्राट बौद्ध, आणि त्यानं चर्चमध्ये लग्न करायला नकार दिला होता. एवढं तिनं सोसलं. पण पुढं आई आजारी पडली, महिनाभर दवाखान्यात होती, आणि नॅन्सीला कोणी कळवलं नाही. शाळेच्या ग्रुपवर कोणीतरी आईचा फोटो टाकून श्रद्धांजली वाहिली, त्यावरून तिला समजलं. ती पोचली तेव्हा दफन होऊन गेलं होतं. पपा व्हरांड्यात बसले होते. तिला बघून ते उठून आत गेले आणि दार लावून घेतलं.

का कळवलं नाही, हे तिला त्यांच्याकडून ऐकायचं होतं. त्यासाठी आधी त्यांना बोलतं करायला हवं होतं.

पपा खाटेवर बसून होते. वाळले होते, डोळे मात्र तसेच. त्यांनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि बोट टेबलाकडे केलं. कामाला लाग.

नॅन्सीनं इथंच ठेवायला आणलेला जुना लॅपटॉप मांडला, कन्व्हर्टर जोडलं आणि एकेक बटण दाबून बघायला लागली. सुरुवातीला सगळा गोंधळ होता. एक दाबलं की भलतंच उमटे, काही बटणं तर काहीच पाठवत नव्हती. प्रत्येक बटण कुठला संकेत पाठवतं ते बघून ती त्याला योग्य अक्षर लावत गेली. पपा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणार, पडद्यावर ते देवनागरीत दिसणार, आणि एंटर दाबलं की लॅपटॉप ते मोठ्यानं वाचणार, अशी जुळणी होती.

दुपारी तिनं खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. "लिहा."

पपांनी मनगटं कीबोर्डच्या कडेवर टेकवली. कापणारी बोटं बटणांवर आली आणि पुष्कळशी स्थिर झाली. खाड, खाड, खाड. मग त्यांनी उजव्या हाताला खाली एक बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. त्यांनी पेला उचलून टेबलावर आपटला.

मग आधीचं खोडून लिहिलं, 'एंटर चुकीच्या जागी आहे.'

त्यांच्या टर्मिनलवर एंटर खाली कोपऱ्यात असायचं. नॅन्सीनं ते तिथं नेलं. पपांनी पुन्हा दाबलं आणि लॅपटॉपमधून एका बाईच्या गोड आवाजात ते वाक्य बाहेर आलं.

पपांचा चेहरा लाल झाला. त्यांनी लिहिलं, 'हा बाईचा आवाज काढून टाक.'

तिनं पुरुषाचा आवाज लावला. पपांनी स्वयंपाकघराकडे मान वळवून लिहिलं आणि एंटर दाबलं.

"मारिया, चहा पांचट होता," खणखणीत पुरुषी आवाज घरभर घुमला.

आत भांड्यांचा आवाज थांबला. मारिया बाहेर आली नाही.

संध्याकाळपर्यंत नॅन्सीनं कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या जादा बटणांना पूर्ण वाक्यं लावली. पाणी हवं. दुखतंय. दम लागतोय. संडासला जायचंय. एक बटण 'पुन्हा'चं ठेवलं. शेवटचं वाक्य कोणाला ऐकू गेलं नसेल तर तेच परत बोलायला.

बेंजामिन शाळेतून आला आणि पपांचा आवाज ऐकून दारातच रडायला लागला. पपांनी लिहिलं, 'रडू नकोस बायकांसारखा.' मग सुरूच झाले. भाजी अळणी. पडदे मळके. मारियाच्या माहेरचे लोक अडाणी, म्हणून हिला नीट 'नाही' म्हणता येत नाही, 'न्हाई' म्हणते. बेंजामिन हसून म्हणाला, "पपा परत आले."

"व्हय, आले खरे," मारिया म्हणाली आणि ताटं उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. बेंजामिन सकाळच्या शाळेला गेल्यावर नॅन्सी पपांच्या समोर बसली.

"तुमचं काम झालं. आता माझं एक काम आहे. आई आजारी होती तेव्हा मला का कळवलं नाहीत?"

पपांनी खिडकीकडे बघितलं.

"आता बोलता येत नाही असं सांगू नका. मीच तुम्हाला बोलतं केलंय."

मग बटणं वाजली.

"तिनं तुझं नाव घेतलं नाही," आवाज म्हणाला. "तिला तू नको होतीस."

नॅन्सीच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. आई आपल्यावर रागावून गेली असेल ही भीती तिनं इतकी वर्षं मनात दाबून ठेवली होती. ती उठायला लागली.

स्वयंपाकघराच्या दारातून मारिया म्हणाली, "खोटं हाय ते."

पपांनी झटकन मान वळवली.

"खोटं हाय, ताई. आत्याबाई, तुमच्या आई, रोज इचारायच्या. सकाळी डोळा उघडला की पहिलं, नॅन्सी आली का. मी त्यांच्या उशाला बसलेली असायची, माझ्या कानानं ऐकलंय." मारिया उंबरा ओलांडून पुढं आली. "हे पपा बाहेर जायचे, फोन केल्यावानी करायचे आन्‌ येऊन सांगायचे, ती म्हनती मला येळ न्हाई. रोज. शेवटच्या दिवशीबी तेच सांगितलं. मग त्यांनी इचारायचं सोडून दिलं."

"तू मला का नाही सांगितलंस?" नॅन्सीचा आवाज फाटला.

"माझ्याकडं कुटं मोबाईल हुता? आन्‌ तुमचा नंबर मला कोण देनार हुतं?"

पपा लिहीत होते. बोटं चुकत होती, खोडून परत लिहीत होते. एंटर.

"मारिया खोटारडी आहे. हिला घालवा."

"पपा, थांबा," नॅन्सी म्हणाली.

त्यांनी 'पुन्हा'चं बटण दाबलं. "मारिया खोटारडी आहे. हिला घालवा." परत दाबलं. परत. त्यांचे डोळे मारियावर होते आणि बोट बटणावरून हलत नव्हतं. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू होत होतं. रस्त्यावरून जाणारी एक बाई कुंपणाशी थांबून आत बघायला लागली. मारियानं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भिंतीला टेकून खाली बसली.

नॅन्सीनं वायर उपटली.

घरात एकदम शांतता झाली. पपा दाबत राहिले. खाड, खाड, खाड. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेला उचलून नॅन्सीच्या अंगावर फेकला. तो तिच्या खांद्याला लागून खाली पडला.

"आता नेनार का ह्यो कीबोर्ड इथनं?" मारियानं खाली बसूनच विचारलं.

नेता आला असता. कन्व्हर्टर खिशात टाकलं असतं की झालं. नॅन्सीनं पपांकडे बघितलं. फडक्याखाली श्वास जोरजोरात होत होता, तोंड उघडं होतं आणि त्यातून काहीच येत नव्हतं. तिला कीव आली नाही. पण रात्री दम अडकला आणि कोणाला सांगता आलं नाही तर, हे तिच्या डोळ्यांपुढून हटेना.

ती लॅपटॉप घेऊन बाहेर ओट्यावर बसली आणि सगळी बटणं नव्यानं लावली. दुपारी बेंजामिन आला तेव्हा तिचं काम संपत आलं होतं.

"पाणी, दुखणं, दम, संडास, एवढंच मोठ्यानं बोलेल," तिनं सांगितलं. "आवाज कमी करता येणार नाही. बाकी ते जे लिहितील ते फक्त पडद्यावर दिसेल. ज्याला वाचायचं त्यानं वाचावं."

बेंजामिनला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो ओरडला, "तू त्यांचा आवाज बंद करतेस? आजारी माणसाचा?"

"तू वाच की. रोज संध्याकाळी समोर बसून सगळं वाच. तुला कोण अडवतंय?"

"हा सूड आहे, नॅन्सी."

"असेल. आई विचारत होती हे तुला माहीत होतं का?"

बेंजामिनचा आवाज खाली आला. "पपांनी शपथ घातली होती."

"मग आता तरी गप्प बस."

"आन्‌ मी न्हाई वाचलं तर?" दारात येऊन मारियानं विचारलं.

"नको वाचूस."

मारियानं बेंजामिनकडे बघितलं. तो चपला घालून बाहेर निघून गेला.

नॅन्सीनं कीबोर्ड परत जोडला आणि वरची चार बटणं पपांना दाबून दाखवली. "ही बोलतील. बाकीची बोलणार नाहीत." पपांनी खाली कोपऱ्यातलं एंटर दाबून बघितलं. दोनदा. आता ते काहीतरी फेकतील असं तिला वाटलं होतं, पण त्यांनी काहीच फेकलं नाही. ते लिहायला लागले, सावकाश.

ती बॅग भरून आली तेव्हा पडद्यावर लिहिलेलं होतं, 'तू गेल्यावर ती माझ्याशी बोलली नाही. एकाच घरात होतो, मरेपर्यंत बोलली नाही. तुझी चौकशी करायला तेवढं बोलली.'

नॅन्सीनं ते वाचलं. पपा तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला काहीतरी म्हणावंसं वाटलं, पण जे जे सुचलं त्यात या माणसाला देण्यासारखं काही नव्हतं.

"वाचलं," ती म्हणाली आणि निघाली.

त्यानंतर ती बेलापूरला गेली नाही. बेंजामिननं तिला ब्लॉक केलं. मारियाला मात्र निघताना तिनं आपला नंबर दिला होता, तिचा फोन येई. पपा दिवसभर लिहीत असतात, म्हणाली. बेंजामिन आधी रोज वाचायचा, आता रविवारी वाचतो. पपा मुद्दाम पाण्याचं बटण दाबत राहतात. मारिया पाणी ठेवते आणि बाहेर निघून जाते.

"तुमी येता का एकदा?" तिनं विचारलं.

"त्या घरात नाही. तू श्रीरामपूरला ये."

एस.टी. स्टँडजवळच्या रसवंतीत दोघी भेटल्या. शेजारी चरक्याचा खडखडाट चालला होता. मारियानं पदरानं ग्लासाची कड पुसली. नॅन्सीनं विचारलं, "दवाखान्यात आईजवळ तूच असायचीस ना?"

"मीच."

"मग सांग. काय बोलायची, काय खायची, सगळं सांग. मला घाई नाही."

मारियानं ग्लास बाजूला ठेवला. "खायच्या कुटं, ताई? तोंडाला चवच नव्हती. चिंचंचं सार मागायच्या. डाक्टरांनी नको सांगितलेलं, पर मी चोरून न्यायची, बाटलीत घालून. दोन घोट घेतले की हसायच्या. म्हनायच्या, आमच्या नॅन्सीला असंच आंबट लागतं..."

नॅन्सी ऐकत राहिली.