फोटोपुरता फ्रॉक

"श्वास आत घे."

"घेतलाय."

"अजून घे. पोट आत, पोट!"

"आई, पोटाचा प्रश्नच नाहीये. पाठीचा आहे."

पोरीचं म्हणणं खरं होतं. मास्तरणीनं फ्रॉकच्या मागच्या दोन्ही कडा मुठीत धरल्या होत्या आणि त्या एकमेकींच्या जवळ यायला काही केल्या तयार नव्हत्या. मधे चांगली चार बोटं जागा. चेन कमरेशी अडून बसली होती. माय-लेकी दोघी बाथरूममध्ये उभ्या होत्या, कारण दोन खोल्यांच्या त्या घरात कडी लागणारं दार तेवढं एकच होतं. वॉशिंग मशीन, बादली आणि दोन बायका. हात हलवायचा तरी भिंतीला विचारून हलवावा लागत होता.

बाहेरून मास्तरांचा आवाज आला. "झालं का गं तुमचं? दहाची बस आहे. आज सणाच्या दिवशी ती गेली तर दुसरी तासाभरानं."

"आलोच!" मास्तरीण ओरडली, आणि हळूच लेकीला म्हणाली, "पिना दे."

पोरगी चौदा वर्षांची. आईपेक्षा दोन बोटं उंच. तिनं पिनांची डबी दिली नाही, नुसती हातात धरून ठेवली. "आई, आता तरी सांगून टाक ना त्यांना."

"आज? आज नाताळ आहे. सात वर्षांनी माणसाला बायकोपोरीबरोबरचा नाताळ मिळालाय. पहाटे उठून त्यांनी झाड सजवलंय, बघितलंस ना? आण ती डबी इकडे."

झाड पोरीनंही बघितलं होतं. मास्तर ज्या मोठ्या कापडदुकानात काम करत, त्या दुकानानं काचेतलं जुनं झाड टाकून दिलं होतं. त्याची एक बाजू अगदी टकली होती. मास्तरांनी ती बाजू भिंतीकडे केली आणि दुकानात गोळा केलेली सुटी बटणं दोऱ्यात ओवून झाडाला माळा घातल्या. लाल, हिरवी, सोनेरी, आणि रंग कमी पडले तिथे शर्टाची पांढरी.

मास्तर म्हणजे शिंपी. तिकडे मायदेशी होते तेव्हा स्वतःचं दुकान होतं, इकडे परदेशात त्या दुकानाच्या तळघरात तीन मशिनांपैकी एक. दिवसभर परक्यांच्या पँटी आखूड करायच्या. कागद पक्के होईपर्यंत देश सोडायचा नाही, असं वकिलानं बजावलं होतं, आणि ते कागद पक्के व्हायला सात वर्षं लागली. पोरगी दुसरीत होती तेव्हा माणूस घर सोडून इकडे आला. त्यानंतर त्यानं तिला पाहिलं ते थेट गेल्या महिन्यात, माय-लेकी इकडे आल्या तेव्हा विमानतळावर.

पण नाताळचा फ्रॉक कधी चुकला नाही. दर वर्षी नोव्हेंबरात पार्सल यायचं. कापड वर्षभर जपलेलं असायचं, कॉलरला लेस, हातानं केलेली काजं. आणि त्यांच्या घरचा नियम होता, मास्तरांच्या वडिलांपासूनचा: नवा कपडा नाताळच्या सकाळी अंगाला लागायचा, आदल्या दिवशीसुद्धा घालून बघायचा नाही. शिंप्याच्या घरात कपडा घालून बघावा लागला तर शिंपी कसला, असं ते म्हणायचे.

पहिल्या वर्षी मास्तरणीनं पोरीला सकाळी फ्रॉक घातला तर तो खांद्यात दाटला. साहजिकच होतं. माणूस सात वर्षांची पोर डोळ्यांत साठवून गेला होता, आणि डोळ्यांतली पोर काही वाढत नाही. ती फोनवर सांगणारच होती, पण मास्तरांनी आधी विचारलं, "बसला ना बरोबर?" आणि त्या आवाजात असं काही होतं, की तिच्या तोंडून निघून गेलं, "अगदी! मापच घेतल्यासारखा." मास्तर हसले. पाच जणांच्या खोलीत जमिनीवर झोपणारा तो माणूस कित्येक महिन्यांनी हसला होता. ते हसू तिनं ऐकलं आणि खोटं तिथेच पक्कं झालं.

दुसऱ्या वर्षापासून तिनं नियम मोडला. पार्सल आलं की गुपचूप घालून बघायचं, आणि शाळेचे गणवेश शिवणाऱ्या शिंप्याकडे न्यायचं. तो उसवायचा, वाढवायचा, पट्टी जोडायचा. मग चर्चच्या पायरीवर फोटो. तो फोटो मास्तर मशिनीसमोरच्या भिंतीला लावायचे. "मला माप लागत नाही," ते तळघरातल्या सगळ्यांना सांगायचे. "पोरगी माझी आहे. फोटोवरून शिवतो."

विमानतळावर मास्तरांनी लेकीला बघितलं आणि ते आहेत तिथेच थांबले. ती "कसे आहात, पप्पा?" म्हणाली, तर त्यांनी आधी बायकोकडे बघितलं. लहानपणी फोनवर ती त्यांना "तू" म्हणायची. घरी आल्यावर त्यांनी बायकोला हळूच विचारलं, "जॅकेटमुळे मोठी वाटली ना गं?"

सांगायला तीच वेळ होती. फ्रॉक कपाटात घडी करून ठेवलेला होता, उसवायला महिना होता. पण खोटं बोलायची सवयही अशी असते की जीभ आपली आपण वळते. "हो ना," ती म्हणाली. "जॅकेटच जाडजूड."

आणि आता बाथरूममध्ये ती पिना लावत होती.

"भिंतीला पाठ लावून उभी राहा. समोरून बघतील, फोटो काढतील, मग लगेच कोट घाल. चर्चमध्ये कोट काढायचा नाही."

"आणि घरी आल्यावर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. हलू नकोस, टोचेल."

सहा पिना लागल्या. पोरगी बाहेर आली आणि सरळ कपाटाला पाठ टेकून उभी राहिली. या कामात ती आता तरबेज होती. मान किंचित कलती, हात समोर.

मास्तर खुर्चीत मोजे घालत होते. एक पायात, एक हातात. ते तसेच उठले.

"बघ!" ते बायकोला म्हणाले. "बघ, आहे की नाही? खांदा बघ. कॉलर बघ कशी बसलीय. अगं, विमानतळावर मी घाबरलो होतो, काय सांगू तुला! म्हटलं, मास्तर, गेली तुझी अब्रू. उगाच घाबरलो."

"तुमचा हात आहे तो," मास्तरीण म्हणाली. तिला स्वतःचाच राग आला. पण चेहरा हसरा ठेवायची तिला चांगली सवय होती.

मास्तरांनी मोबाइल काढला. एक फोटो घेतला, दुसरा घेतला. मग मोबाइल टेबलावर ठेवून ते दोन पावलं मागं सरले, डोळे बारीक केले, आणि हवेत बोट गोल फिरवलं.

"फिर बघू, छकुली."

आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. समोर गिऱ्हाईक उभं राहिलं की आधी समोरून, मग फिर. फोटोला फिर म्हणता येत नाही, एवढीच सात वर्षांची अडचण होती. आणि मास्तरणीच्या ते डोक्यातच आलं नव्हतं! सगळं ठरवलं, कोट ठरवला, पिना ठरवल्या. फोटोची इतकी सवय झाली होती तिला, की समोर जिवंत माणूस आहे आणि तो फिर म्हणेल, हे ती साफ विसरली होती.

"अहो, बस जाईल."

"एका मिनिटाचं काम. फिर की गं."

"तिला गार लागतंय. कोट घालू दे आधी."

"अगं, पाठ बघितल्याशिवाय कपडा कळतो का कधी?"

पोरीनं आईकडे बघितलं. आईनं मान हलवली, नको म्हणून. पोरगी क्षणभर तशीच उभी राहिली, आणि मग फिरली.

मास्तर जवळ आले. त्यांनी हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं. सहा पिना आणि पिनांच्या मधे शमीज. कापड जिथे ताणलं होतं तिथे त्यांचीच टीप सुटायला लागली होती.

"कपाटाला टेकून उभी राहिलीस," ते सावकाश म्हणाले. "कुणी सांगितलं नाही तरी. म्हणजे हे आजचं नाही."

"मी सांगते," मास्तरीण म्हणाली. "तिचा काही दोष नाही. मीच..."

"आधीचेही असेच?"

पोरगी आतल्या खोलीत गेली. परत आली तेव्हा तिनं फ्रॉकवरच सैल स्वेटर घातला होता, आणि हातात दोन जुने फ्रॉक होते. मास्तरणीला धक्काच बसला. जुने फ्रॉक तिनं निघताना सगळे वाटून टाकले होते, वजनाचं निमित्त करून. हे दोन पोरगी कधी बॅगेत घालून घेऊन आली, पत्ता नव्हता.

"हे दोन मला आवडायचे," पोरगी म्हणाली. "म्हणून आणले."

मास्तरांनी फ्रॉक घेतले, इस्त्रीच्या टेबलावर पसरले आणि उलटे केले. चष्मा लावला. शिंप्याला कपडा उलटा केला की सगळं वाचता येतं. त्यांनी पहिल्याच्या शिवणीवरून नख फिरवलं.

"ही माझी शिवण. उसवलीय, पण सुईची भोकं राहिलीत. आणि ही नवी." त्यांनी दोन्हींच्या मधे बोटं ठेवली. "अडीच बोटं. हा कितव्या वर्षीचा?"

"तिसऱ्या."

"म्हणजे दहा वर्षांची होतीस. दहाव्या वर्षी अडीच बोटं चुकलो मी." दुसरा फ्रॉक त्यांनी बराच वेळ बघितला. "काखेखाली पट्टी जोडलीय. याच कापडाची. कापड कुठून मिळालं त्याला?"

"पट्टा होता ना मागं बांधायचा," मास्तरीण कशीबशी म्हणाली. "तो फाडला."

"असं होय. मला वाटलं पट्टा फोटोत दिसत नाही तो मागं आहे म्हणून." ते टीप निरखत राहिले. "कोण आहे हा?"

"गणवेश शिवतो तो. शाळेजवळचा."

"हात चांगला आहे त्याचा. काखेत एवढी बारीक टीप कुणी घालत नाही, कोण बघतंय म्हणून. यानं घातली."

ते ओरडले असते तर मास्तरणीला बरं वाटलं असतं. ताट फेकलं असतं, झाड पाडलं असतं तरी चाललं असतं. हे असं परक्या शिंप्याच्या हाताचं कौतुक करणं तिला बघवेना. ती रडायला लागली. "तुम्ही तिथे एकटे होतात हो. तेवढं एक हसू होतं तुमचं वर्षातून. मला ते मोडवलं नाही. पहिल्या वर्षी बोलून गेले आणि मग मागं कसं यायचं तेच कळेना."

खाली रस्त्यावर दहाची बस येऊन थांबली. तिचं दार उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला, आणि बस निघून गेली.

"गेल्या वर्षीचा निळा?" त्यांनी विचारलं. "त्याला काय केलं?"

मास्तरीण डोळे पुसत राहिली. शेवटी पोरगीच बोलली. "तो जमलाच नाही. त्या शिंपीकाकांनी हात जोडले, म्हणाले आता कापडच उरलं नाही. मग पिनाच लावल्या. फोटो काढला आणि उतरवला."

"फोटो तर चर्चच्या पायरीवरचा आहे."

"हो."

"बाहेर उघड्यावर."

"हो."

"डिसेंबरात," मास्तर म्हणाले. "पाठीला गार वारा लागला असेल ना गं?"

पोरीला वाटलं होतं ते काही वेगळं विचारतील. तिची तयारी दुसऱ्याच कशाची होती. "थोडासा," ती म्हणाली. "पण आई म्हणाली, लवकर होईल."

मास्तर खुर्चीत बसले. एका पायात मोजा होता, दुसरा उघडाच. "परक्या माणसाच्या पँटीला मी कधी नजरेनं कात्री लावली नाही," ते म्हणाले. "तीनदा विचारतो. उंची बरोबर ना, कमरेत घट्ट होत नाही ना, बूट कुठले घालणार. तुलाच तेवढं काही विचारलं नाही. एकदा फोनवर म्हटलं असतं, टेप लाव आणि सांग, तर काय बिघडलं असतं? पण नाही. मला सगळं माहीत होतं ना!"

"अहो, असं नका म्हणू."

"खरं तेच म्हणतोय. तुझ्यावर रागावलोय मी, नाही असं नाही. पण ते नंतर."

ते उठले. कपाटाच्या वरून दुकानातली मापांची वही काढली, जिच्यात फक्त गिऱ्हाइकांची मापं असायची. कोरं पान उघडलं. कानामागची पेन्सिल काढली, तारीख घातली, आणि नावाच्या ओळीवर त्यांचा हात थबकला. 'छ' अर्धवट लिहून त्यांनी तो खोडला.

"माप घेऊ?" त्यांनी लेकीला विचारलं. "तुझी हरकत नसेल तर."

तिनं होकारार्थी मान डोलावली. स्वेटर काढला आणि खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली, कपाटापासून लांब.

"नाव काय लिहू?"

मास्तरणीनं वर बघितलं. पोरीनं वडिलांकडे नीट बघितलं, बहुधा आल्यापासून पहिल्यांदाच, आणि आपलं पूर्ण नाव सांगितलं. आधी स्वतःचं, मग त्यांचं, मग आडनाव. मास्तरांनी तिन्ही शब्द सुवाच्य अक्षरात लिहिले. मग टेप घेऊन ते तिच्या मागं गेले आणि पाठीपासून सुरुवात केली.