भट्टीचं दार

झोपेची गोळी आज घरोघरी सापडते. फ्रिजवरच्या डब्यात, बीपीच्या गोळ्यांना खेटून. भोसरीत राहणाऱ्या अफताबच्या घरीही होती. तीन वर्षांपूर्वी त्याचे अब्बा गेले आणि अम्मीची, मदिनाबींची, झोपच उडाली. जीव घाबरा व्हायचा. डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी गोळी लिहून दिली. त्या पंधरा दिवसांची तीन वर्षं झाली! जुनीच चिठ्ठी दाखवून दर महिन्याला पाकीट कोण आणत होतं? अफताबच. पुन्हा डॉक्टरकडे जायला ओव्हरटाइममधून सवड कुणाला होती?

एक दिवस कंपनीच्या कँटीनमध्ये कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, की या गोळ्यांची सवय लागते. झालं! अफताब तावातावानं घरी आला. मदिनाबी शेजारच्या शालनबाईंबरोबर चहा पीत बसल्या होत्या. त्यानं डबा उघडला, होत्या नव्हत्या तेवढ्या गोळ्या मोरीत टाकून वर पाणी सोडलं.

"बस झालं आता, अम्मी! नशेबाज झालीयेस तू!"

शालनबाई अर्धा कप तसाच ठेवून उठल्या. मदिनाबींनी मान खाली घातली ती घातलीच.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचे हात थरथरायला लागले. दरदरून घाम, छातीत धडधड. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायच्या. चार रात्री डोळ्याला डोळा नव्हता. सून उझ्मा म्हणाली, "डॉक्टरकडे नेऊ या हो." अफताबनं उडवून लावलं, "नाटकं आहेत. दोन दिवस कळ काढली, की सुटेल सवय." एवढंच नव्हे, आपण घरात कशी शिस्त लावली ते पाचव्या दिवशी कंपनीत दत्तोबांना रंगवून सांगितलंही.

दत्तोबा कंपनीत गिअर तापवायच्या त्याच्याच भट्टीवरचे जुने कामगार. त्यांनी ऐकून घेतलं. तेवढ्यात माल रवाना करणाऱ्या डिस्पॅच खात्यातला गणराज घाईघाईनं आला. "भाऊ, गाडी लागलीय. दार उघड, गिअर काढून घेऊ."

अफताब ओरडलाच, "हात लावू नको! आतला माल अजून लाल आहे. एकदम बाहेर काढलास तर तडे जातील!"

लाल तापलेला माल भट्टीचं दार बंद ठेवून आतच हळूहळू निववायचा आणि तासातासाला आकडा लिहायचा, हे तर अफताबचं अकरा वर्षांचं काम!

गणराज गेला तसे दत्तोबा म्हणाले, "लोखंडाची एवढी काळजी हाय तुला. मग आईच्या बाबतीत दार एकदम कशाला उघडलंस रं?"

"काका, ती गोष्ट वेगळी."

"न्हाई, तीच हाय! माझ्या बायकोनं, कौशल्येनं बी अशीच गोळी एकदम सोडली व्हती. चौथ्या दिवशी फिट आली. तवा डॉक्टरीणबाईंनी मला झापला. गोळी अंगात मुरलेली असती, ती हळूहळूच उतरवायची. आपल्या मनानं तोडायची न्हाई. त्यो थरकाप नाटक न्हवं, पोरा!"

चार दिवस अम्मी भिंतीला टेकून बसली होती आणि अफताब तिच्यासमोरून जेवणाचा डबा घेऊन कामाला जात होता. लाज वाटली त्याला स्वतःची. हाफ डे टाकून तो घरी पळाला.

"अम्मी, चल, डॉक्टरकडे."

मदिनाबी जागच्या हलल्या नाहीत. थरथरते हात त्यांनी ओढणीत लपवले. "नशेबाजाला कसला डॉक्टर? चारचौघांत काय सांगशील माझ्याबद्दल?"

उझ्मानं विनवलं, नात जिकरा रडायला लागली, पण त्या उठेनात. आणि उठल्या नाहीत तर फिट यायला किती वेळ? अफताबला कळून चुकलं, की अम्मीला आपल्याच शब्दानं बांधून ठेवलंय. तो शेजारी गेला आणि शालनबाईंना घेऊन आला.

"मावशी, त्या दिवशी मी तुमच्यासमोर बोललो, म्हणून आज तुमच्यासमोरच सांगतो. अम्मी नशेबाज नाही. गोळी डॉक्टरांनी लिहिली, आणून मी दिली. तीन वर्षं विचारपूस केली नाही, तीही मीच. गुन्हेगार मी आहे! अम्मी, माफ कर."

मदिनाबी भिंतीला धरून उठल्या. मग म्हणाल्या, "माझ्या चपला कुठं आहेत?"

दवाखान्यात डॉ. तनुजा यांनी तपासलं, गोळी पुन्हा सुरू केली आणि थोडी थोडी कमी करत नेण्याचा काही महिन्यांचा तक्ता लिहून दिला. घाबरं झालं तर श्वास सावकाश सोडायचा, एकटं बसायचं नाही; ती वेळ निघून जाते, असंही सांगितलं. आता तो तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर आहे आणि अफताब रोज त्यात खूण करतो. अजूनही एखादी दुपार वाईट जाते. तेव्हा शालनबाई येऊन बसतात. सुट्टी असली तर अफताब बसतो, अम्मीचा हात हातात धरून. तो हात थरथरला की त्याला ती मोरी आठवते.

मंडळी, औषधाची सवय लागणं हा गुन्हा नाही. ती सोडवता येते, पण डॉक्टरच्या सल्ल्यानं, हळूहळू आणि घरच्यांच्या सोबतीनं. आणि कुणाला नशेबाज म्हणण्याआधी, ती गोळी घरात आणून कुणी दिली होती, एवढं तरी आठवा!