बिननारळाची स्कूटर

मी एक जुनी स्कूटर आहे. माझा रंग निळा होता. आता जिथे गंज चढलेला नाही तिथे तो अजून दिसतो. किक चार-पाचदा मारावी लागते, हॉर्न सर्दी झाल्यासारखा वाजतो आणि मागच्या सीटचं रेक्झिन दोनदा शिवून झालं आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका. माझ्यापुढे कधी नारळ फुटला नाही, चाकाखाली कधी लिंबू चिरडलं नाही, हँडलला कधी मिरच्या लटकल्या नाहीत. अख्ख्या पंचवटीत अशी मी एकटीच, आणि हे मी मान ताठ ठेवून सांगते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तो सगळ्या स्कूटरींचा तिथेच होतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं आहे ते वाट बघणं. त्या काळी दुकानात जाऊन स्कूटर उचलून आणता येत नसे. आधी नंबर लावायचा आणि मग वर्षानुवर्षं धीर धरायचा. माझे मालक गोरक्षराव वीज कार्यालयात कारकून होते. त्यांनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्नही ठरलं नव्हतं. सत्त्याहत्तर साली मी दारात उभी राहिले तेव्हा त्यांच्या कानावरचे केस पिकायला लागले होते.

गोरक्षराव निफाडकडचे. घरात नाथांची भक्ती, म्हणून आजोबांनी हौसेने नाव ठेवलं गोरक्ष. आणि या गृहस्थांनी कळत्या वयात देव मानणंच सोडून दिलं! लोक चिडवायचे तेव्हा ते म्हणत, "नाव आजोबांनी ठेवलं, विचार माझे मी ठेवले." त्यांची बायको कुसाबाई येवल्याची. ती मात्र उपासतापास, सणवार सगळं मनापासून करणारी. दोघांचं भांडण रोजचं होतं आणि गोडीही रोजची होती.

मी आले त्या दिवशी कुसाबाई ताम्हण घेऊन दारात तयार होती. हळदकुंकू, फूल, नारळ, चाकाखाली ठेवायला लिंबू.

"अहो, आधी नारळ फोडा. नवी गाडी तशीच बाहेर काढायची का?"

"मी मानत नाही, तर फोडू कशाला? देव असलाच तर म्हणेल, हा बघा ढोंगी. नसला तर नारळ फुकट गेला."

"फुकट कसा जाईल? चटणी होईल की."

"मग सरळ चटणीच कर ना!"

सगळी आळी हसली. कुसाबाईही हसली, पण ताम्हण आत नेताना तिचा चेहरा उतरला होता. तो मी पाहिला. गोरक्षराव तेव्हा माझी किक मारण्यात दंग होते.

मित्रांनो, माझी हेळसांड झाली असं मात्र समजू नका. दसऱ्याला आळीतल्या सगळ्या गाड्या झेंडूच्या माळा घालून मिरवत. त्या दिवशी गोरक्षराव बाही सारून बादली घेऊन बसत. प्लग काढून घासत, केबलला तेल देत, ब्रेक करकचून तपासत, एकेक नट आवळून बघत. शेजारच्या गाड्यांना वर्षातून एकदा हळदकुंकू लागे आणि बाकीचे दिवस त्यांच्या अंगावर चिखल असे. मला झेंडू नाही मिळाला, पण स्वच्छ तेल मिळालं. मला त्या गाड्यांचा कधी हेवा वाटला नाही. खरं सांगायचं तर एकदा वाटला होता, माळ फार टपोरी होती.

ऑफिसला जाताना गोरक्षराव माझ्याशी बोलत. म्हणजे बोलत स्वतःशीच, पण ऐकायला मीच असायची. पुढचा रिक्षावाला हात न दाखवता वळला की सुरू! फाटकासमोर गाड्या लावणारे, पहाटे पाचला भोंगा लावून दुसऱ्याची झोप मोडणारे, रस्ता खणून तसाच टाकणारे, पावतीपुस्तक घेऊन दारात उभे राहणारे, कोणाची गय नसे. एकदा त्यांना एक पोस्टकार्ड आलं. देवीचा महिमा अकरा जणांना लिहून पाठवा, नाहीतर घरावर संकट येईल, असं त्यात होतं. त्या कार्डाने त्यांनी माझा प्लग पुसला. संकट काही आलं नाही, प्लग मात्र चकचकीत झाला.

ऑफिसातले लोक त्यांना डिवचत. "गोरक्षराव, देव नाही म्हणता, मग खोटं बोलायला तुम्ही मोकळेच की!" ते म्हणत, "म्हणजे तुम्ही निव्वळ भीतीने खरं बोलता होय? मग तुमच्यापासूनच जपून राहायला हवं." असं काही बोलले की त्या दिवशी घरी येताना ते शीळ वाजवत.

आणि हाच माणूस दर सोमवारी शेजारच्या भागीबाईंना माझ्यावर बसवून कपालेश्वराला नेई. त्या म्हाताऱ्या, गुडघे दुखणाऱ्या. त्या पायऱ्या चढून दर्शनाला जात आणि हे खाली माझ्या सीटवर वर्तमानपत्र वाचत बसत.

"गोरक्षा, तू नाही का येत वर?"

"तुम्ही जाऊन या मावशी. मी चपला सांभाळतो."

भागीबाईंचा मुलगा सहादू हा आमच्या आळीच्या गणेश मंडळाचा कार्यकर्ता. मनाचा चांगला, पण उतावळा. ब्याऐंशी सालच्या गणपतीत त्याने मंडपाच्या रोषणाईसाठी सरळ खांबावरच्या तारेला आकडा टाकला. चोरून वीज घ्यायची ही जुनी युक्ती. गोरक्षराव ऑफिसातून आले, त्यांनी ती लोंबणारी वायर पाहिली. खाली ओल्या बांबूंना पोरं लटकत होती. त्यांनी मला तिथेच स्टँडवर लावलं.

"सहादू, आकडा काढ. कोणाला शॉक बसला तर? मीटर घ्या, अर्ज मी लिहून देतो."

"काका, देवाचं काम हाय. त्याला चोरी म्हणत्यात का?"

"देवाचं काम आहे म्हणतोस ना? मग निदान त्याच्यासाठी तरी चोरी करू नकोस."

"तुम्ही तर देव मानीत नाय, तुम्हाला काय पडलंय?"

"मला त्या पोरांचं पडलंय."

सहादूने ऐकलं नाही. गोरक्षरावांनी वायरमनला बोलावून आकडा काढायला लावला. त्या संध्याकाळची आरती समईच्या उजेडात झाली. कुसाबाईचे मोदक त्याच मंडपात ठेवलेले होते. ती घरी येऊन न जेवताच झोपली.

दुसऱ्या दिवशी तिला मागे बसवून गोरक्षराव बाजाराला निघाले. होळकर पुलाच्या तोंडाशी कोणीतरी आपल्या नव्या टेम्पोसाठी नारळ फोडला होता आणि करवंट्या तिथेच टाकून तो निघून गेला होता. माझं पुढचं चाक एका ओल्या करवंटीवर गेलं. मी घसरले. मी आवरायचा खूप प्रयत्न केला, पण लहान चाकांची गाडी मी, किती आवरणार? गोरक्षरावांना खरचटलं आणि कुसाबाईचा हात मनगटात मोडला.

आळीत एकच चर्चा. काल देवाचा दिवा विझवला, आज फळ मिळालं. कुसाबाई हात गळ्यात बांधून बसली होती. म्हणाली, "नारळ फोडला असता तर आज ही वेळ आली नसती."

"अगं, कोणीतरी नारळ फोडला म्हणूनच तर आपण पडलो!"

ती हसेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसली नाही. "तुम्हाला सगळ्याची थट्टाच. हिच्यापुढे नारळ फुटेपर्यंत मी हिच्यावर बसायची नाही."

"मी न मानता खोटा खोटा फोडू?"

"मी नाही सांगत फोडा. मी बसणार नाही, एवढंच."

मित्रांनो, तिथून माझे वाईट दिवस सुरू झाले. माझी मागची सीट रिकामी राहिली. आळीतली पोरं मला पनवती म्हणू लागली. भागीबाईंनाही सहादूने माझ्यावर बसू दिलं नाही. तो त्यांना रिक्षाने देवळात न्यायचा, जमलं तर. मला सर्वांत जास्त लागायचं ते मंगळवारच्या बाजाराचं. कुसाबाई सिटी बसने जायची आणि गोरक्षराव माझ्यावरून त्या बसच्या मागे मागे. परतताना भाजीच्या पिशव्या माझ्या पायाशी आणि कुसाबाई बसच्या खिडकीत. थांब्यावर ती उतरली की दोघं पिशव्या वाटून घेत आणि एकमेकांकडे न बघता घरी जात. गोरक्षरावांनी शीळ वाजवणं बंद केलं. एकदा दुकानासमोर थांबून त्यांनी नारळाच्या ढिगाकडे बराच वेळ पाहिलं होतं. मग मला किक मारली. कशाला खोटं सांगू, मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला आणि रागही आला.

दोन वर्षं अशी गेली. चौऱ्याऐंशीच्या अनंत चतुर्दशीला दुपारी मंडळाचा गणपती ट्रकवर चढत होता. भागीबाई हार घालायला पुढे आल्या आणि छातीला हात लावून मटकन खाली बसल्या. अंगाला दरदरून घाम फुटला. सगळे रस्ते मिरवणुकांनी भरलेले, रिक्षा एकही नाही, ट्रक हलायला जागा नाही. सहादू वेड्यासारखा इकडे तिकडे धावत होता.

गोरक्षरावांनी मला बाहेर काढलं. त्या दिवशी मी पहिल्याच किकला सुरू झाले, हे मुद्दाम सांगून ठेवते.

"मावशींना बसवा माझ्या मागे. पण त्यांना धरून बसायला मागून कोणीतरी हवं. बारीक अंगाचं माणूस पाहिजे."

सगळी आळी कुसाबाईकडे बघू लागली. तिच्या हातात आरतीचा नारळ होता. सहादूलाही तिचा तो हट्ट आठवला. तो रडवेला होऊन ओरडला, "काकी, थांबा! तो नारळ इकडं द्या, आधी हिच्यापुढं फोडतो. माझी आई बसणार हाय हिच्यावर!"

गोरक्षरावांनी मान खाली घातली. मला वाटतं, त्या क्षणी कोणी फोडला असता तर त्यांनी अडवलं नसतं.

कुसाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा भागीबाईंकडे.

"नारळाचं नंतर बघू. आधी त्यांना उचल!"

आणि ती बसली. नारळ तसाच पदरात खोचून, भागीबाईंना दोन्ही हातांनी कवटाळून ती माझ्या मागच्या सीटवर बसली. मित्रांनो, मी तिघांच्या वजनाने दबले होते, पण इतकी हलकी मी कधी झाले नव्हते.

रविवार कारंजावर ढोल, लेझीम आणि गुलालाचा नुसता धुरळा. एरवी गोरक्षरावांनी या गर्दीला किती शिव्या दिल्या असत्या! पण लोकांनी म्हातारीला पाहिलं आणि ढोल थांबला. पोरांनी हाताला हात धरून वाट करून दिली. "चला काका, चला!" गोरक्षराव प्रत्येकाला "उपकार झाले, उपकार झाले" म्हणत पुढे गेले. दवाखान्यात वेळेवर पोचलो. भागीबाई वाचल्या.

संध्याकाळी परतताना कुसाबाई बसने गेली नाही. माझ्यावरच बसली, गोरक्षरावांच्या खांद्यावर हात ठेवून. घरी आलो तेव्हा दवाखान्यात आईला भेटून आमच्याआधीच परतलेला सहादू दारातच उभा होता. त्याने पुढे होऊन माझं हँडल धरलं. गोरक्षराव उतरून बायकोला म्हणाले, "कुसा, नारळ आहे ना तुझ्याकडे? फोड. मी मानत नाही, ते खरंच आहे. पण तू मानतेस, तर तू फोड. मी बाजूला उभा राहीन. दोन वर्षांपूर्वीच म्हणायला हवं होतं. फक्त करवंट्या मी उचलीन."

कुसाबाईने पदरातून नारळ काढला, हातात तोलला. मग वाकून माझ्या ब्रेकची दांडी दोनदा दाबून बघितली.

"नारळ राहू द्या. पुलावर ब्रेक मारताना ही कुरकुरत होती. आधी ते बघा. उजेड आहे तोवर."

सहादू पाना-पकड आणायला पळाला. गोरक्षरावांनी बाही सारली. नारळ स्वयंपाकघरात फुटला, चटणी झाली आणि अर्धी वाटी सहादूकडे गेली. माझा ब्रेक अंधार पडायच्या आत दुरुस्त झाला.

मित्रांनो, मी देव पाहिला नाही. नाही म्हणायचा अधिकारही मला नाही, मी स्कूटर आहे. तुमच्या गाडीपुढे नारळ फोडायचा तर जरूर फोडा. पण करवंट्या उचला, मागून कोणीतरी येत असतं. आणि ब्रेक तपासा, मागे कोणीतरी बसलेलं असतं. माझ्या मागच्या सीटचं रेक्झिन दोनदा शिवलंय असं मी सुरुवातीला म्हटलं ना? ते उन्हापावसाने नाही फाटलं. त्या दिवसानंतर कुसाबाई त्यावर इतकी बसली की ते झिजलं.