धूर न पाहिलेली नळी

मी धूर मोजणारी नळी. भिंतीवरच्या खिळ्याला लटकून बोलतेय, कारण खऱ्या कामासाठी मला खाली उतरवायला इथे कुणाला सवड नाही.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथे आम्हा नळ्यांना एकच शिकवण होती. गाडीच्या धुराड्यात शिरायचं, धुराचा घोट घ्यायचा आणि यंत्राला खरा आकडा सांगायचा. मी कोवळी होते, मला ते पटलं.

तिथून मी आले फिलिपिन्समधल्या सान एलेउतेरियो गावात. दरवर्षी धुराचा दाखला घेतल्याशिवाय गाडी चालवायची नाही, असा सरकारी नियम झाला होता. मग गाव मागे कसं राहील? नगर परिषदेने वर आपला ठराव चढवला: दाखला नसेल तर जीपनीने, म्हणजे इथल्या भाड्याच्या लांबुळक्या जीपने, उतारू भरायचे नाहीत. आमच्या तपासणी केंद्राच्या उद्घाटनाला महापौर सात गाड्या घेऊन आले. स्वच्छ हवेवर तासभर बोलले, आणि परतताना गाडीत गारवा हवा म्हणून सातही इंजिनं तासभर घुरघुरत होती. पाद्रीबाबांनी माझ्यावर मंतरलेलं पाणी शिंपडलं. पुढची दोन वर्षं माझ्या तोंडात गेलं ते तेवढंच.

केंद्र मॅडम बिबियानांचं. दाखल्यासाठी गाडी आणावी लागत नाही, हे गावाला आठवड्यातच कळलं. कागद एजंटाकडे द्यायचे, जेवणाच्या वेळेपर्यंत दाखला हातात. राजधानीतल्या साहेबांना वास आला, तेव्हा त्यांनी फर्मान काढलं की नळी धुराड्यात घातलेली असताना फोटो हवा. आमच्या अंगणात मॅडमची जुनी व्हॅन पडून होती, इंजिन केव्हाच काढलेली. यंत्रावर बसणारी लुझ मला त्या व्हॅनच्या मागे खुपसायची, नंबराचा पुठ्ठा बदलायची आणि जवळून फोटो घ्यायची. तालुक्यातली झाडून सगळी वाहनं त्या एका व्हॅनच्या जिवावर पास झाली. इंजिनच नसल्यामुळे तिचा धूर कधी मर्यादेबाहेर गेला नाही.

मग एके दिवशी राजधानीहून पत्र आलं. वर्षभरात एकही गाडी नापास न करणाऱ्या केंद्राची चौकशी होणार होती. नापास करायला कुणीतरी हवं म्हणून मॅडम यादी घेऊन बसल्या. हा नको, त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मी उभी होते. तो नको, त्याने माझ्या भाच्याला बाप्तिस्म्यात मांडीवर घेतलंय. इथे एका बाप्तिस्म्याने दोन घरं सोयरी होतात, आणि मॅडमनी तर अर्ध्या गावाची धर्ममाता व्हायचं पुण्य जोडलेलं. सोयऱ्याला नापास करायचं म्हणजे त्याच्या घरच्या जेवणाला मुकायचं. यादी संपली, नापास कुणी सापडेना.

नेमकी त्याच सकाळी अंगणात एक जीपनी शिरली. खरीखुरी, इंजिनवाली.

"मनोंग फेर्मिन, तुम्ही गाडी घेऊन आलात?" लुझने विचारलं. इथे मनोंग म्हणजे थोरला भाऊ.

"सूचनेत तसंच लिहिलंय," फेर्मिन म्हणाला.

पुढच्या सीटवर त्याची बायको इसिंग बसली होती. वीस वर्षं ती तिथेच बसून भाडं गोळा करते आणि इंजिनातून वर येणारं सगळं पिते. खोकला हटेना, तेव्हा डॉक्टरांनी तिला गाडी सोडायला सांगितलं. तिने ऐकलं नाही. म्हणून फेर्मिनने तीन रविवार इंजिन उघडून डिझेल फवारणारी तोंडं साफ केली, फिल्टर बदलले. सोमवारी परवान्याची मुदत संपत होती, हातात फक्त दाखला हवा होता.

लुझने मला खिळ्यावरून काढलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच धुराड्याची ऊब. त्याने पाय दाबला, मी घोट घेतला आणि यंत्राला ओरडून सांगितलं: एक पूर्णांक एक. मर्यादा होती अडीच. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं खरं वाक्य.

मॅडम लुझच्या कानाशी वाकल्या. याच्या घरच्या कुठल्या बाप्तिस्म्याला आपण उभे होतो का, एवढंच त्यांनी विचारलं. लुझने नकारार्थी मान हलवली. मग तिच्या बोटांनी चार पूर्णांक आठ असं टंकलं.

फेर्मिनने कागद दोनदा वाचला. खांद्यावरचा पांढरा पंचा धुराड्याला लावला आणि इसिंगला पाय दाबायला सांगितलं. पंचा तसाच पांढरा राहिला. तो त्याने मॅडमसमोर धरला.

"पंचा मान्यताप्राप्त नाही," मॅडम म्हणाल्या.

"आणि ही नळी?"

"तिच्यावर शिक्का आहे."

मी शरमेने वेटोळं घातलं.

फाटकाशी एजंट उभा होता. त्याने फेर्मिनच्या खांद्यावर हात ठेवला. "मनोंग, तुमचं चुकलं कुठे सांगू? तुम्ही गाडी आणलीत."

फेर्मिनने इसिंगकडे पाहिलं. सोमवारी उतारू भरले नाहीत तर घरात भात शिजणार नव्हता. तिने खोकला दाबत मान खाली घातली. त्याने कागद एजंटाच्या हातात दिले. दुपारी व्हॅनमागे त्याच्या नंबराचा पुठ्ठा लागला आणि तो पास झाला. वर त्याचा नापासाचा कागद राजधानीला गेला. आमचं केंद्र किती कडक आहे, याचा पुरावा म्हणून. पुढच्या महिन्यात भिंतीवर प्रशस्तिपत्र आलं. ते नीट दिसावं म्हणून मला कोपऱ्यातल्या खिळ्यावर सरकवलं.

वाचकहो, तुमच्याही गावात हवेसाठी ठराव होत असतील. होऊ द्या. फक्त त्यातली नळी एकदा हातात घेऊन बघा. ती काळी असेल तर तुमचं गाव नशीबवान. माझ्यासारखी लख्ख असेल, तर आपली छाती तपासून घ्या.

फेर्मिनची जीपनी रोज सकाळी समोरून जाते. आवाजावरून मी तिला ओळखते. तीन रविवारांची मेहनत त्याने पुन्हा केली नाही. कशाला करेल? पास झाल्यावर काही महिन्यांतच ती पुन्हा काळा धूर ओकू लागली, आणि पुढच्या सीटवरून इसिंगचा खोकला मला थेट खिळ्यापर्यंत ऐकू येतो. त्याचा आकडा मला सांगता येईल. अजून कुणी विचारलेला नाही.